शेळीचं करडू, लॅटिनपासून मॉरिशसपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज शिकणारी मंडळी करडासाठीच्या शब्दांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. परभाषांतले शब्द देवनागरीत उच्चाराच्या जवळपास लिहिले आहेत. फ्रेंचची नाकातली आणि घशातली कसरत देवनागरीत पुरती उतरत नाही, तेवढं चालवून घ्यावं. करडू म्हणजे शेळीचं पिल्लू. मेंढीचं ते कोकरू, आणि त्याची वंशावळ वेगळी.

१. लॅटिनमधून निघालेल्या भाषांत करडाला काय काय म्हणतात?

स्पॅनिशमध्ये ‘काब्रीतो’, पोर्तुगीजमध्ये ‘काब्रीतु’, कॅटलान आणि दक्षिण फ्रान्समधल्या ऑक्सितानमध्ये ‘काब्रीत’, इटालियनमध्ये ‘काप्रेत्तो’, फ्रेंचमध्ये ‘शव्रो’ आणि ‘काब्री’. हे सगळे एकाच घरातले, शेळीसाठीच्या लॅटिन ‘काप्रा’ या शब्दापासून निघालेले. रोमानियनमध्ये मात्र करडाला ‘येद’ म्हणतात आणि सार्डिनिया बेटाच्या मोठ्या भागात ‘एदु’. हे दोन त्या घरातले नाहीत. शिवाय स्पॅनिशमध्ये ‘चीवो’ आणि ‘चोतो’ आहेत, फ्रेंचमध्ये ‘बिके’ आहे. त्यांचं गोत्र आणखी निराळं (प्रश्न ७ आणि ८).

२. मग खुद्द लॅटिनमध्ये करडाला काय म्हणत?

‘हाएदुस’. ‘काप्रा’ म्हणजे शेळी, ‘कापेर’ आणि ‘हिर्कुस’ म्हणजे बोकड, आणि करडू ते ‘हाएदुस’. आपल्याकडे शेळी, बोकड, पाठ, करडू ही नावं जशी एकमेकांपासून बनलेली नाहीत, प्रत्येकाचं मूळ स्वतंत्र आहे, तशीच ही व्यवस्था होती.

या शब्दाची एक फार सुंदर नोंद रोमन विद्वान मार्कुस तेरेंतिउस वार्रो (इ.स.पू. ११६–२७) याने लॅटिन भाषेवरच्या आपल्या ग्रंथात करून ठेवली आहे. तो म्हणतो, बोकडाला आपण ‘हिर्कुस’ म्हणतो, सबाइन लोक ‘फिर्कुस’ म्हणतात. करडाला ते ‘फेदुस’ म्हणतात, लाटिउमच्या, म्हणजे रोमभोवतालच्या मुलखाच्या, खेड्यांत ‘हेदुस’ म्हणतात, आणि रोम शहरात मध्ये ‘आ’ घालून ‘हाएदुस’. एका वाक्यात शेजारची बोली, खेड्यातला उच्चार आणि शहरी उच्चार असे तिन्ही आले. यातला गावंढळ ‘हेदुस’ लक्षात ठेवा, कारण पुढे टिकला तो त्याच वळणाचा उच्चार.

३. ‘हाएदुस’ आज कुठे बोलला जातो का?

हो, दोन टोकांना. रोमानियात आणि सार्डिनियात.

रोमानियनपर्यंतचा प्रवास पायरीपायरीने पाहता येतो. आधी सुरुवातीचा ‘ह’ गळाला; लॅटिन बोलणाऱ्या सामान्य माणसाने तो फार पूर्वीच सोडला होता. ‘आए’चा ‘ए’ झाला. राहिला ‘एदु’. सार्डिनियाने तो इथेच ठेवला. रोमानियनमध्ये आघात असलेल्या अशा ‘ए’चा ‘ये’ होतो: लोखंडासाठीचा लॅटिन ‘फेर्रुम’ तिथे ‘फ्येर’ झाला, तसाच ‘एदु’चा ‘येदु’ आणि शेवटचा ‘उ’ गळून ‘येद’. अनेकवचनात ‘द’चा ‘झ’ होऊन ‘येझ’. मादी करडाला ‘यादा’. इथे ‘ये’चा ‘या’ झाला, जसा दगडासाठीच्या ‘पेत्रा’चा ‘प्यात्रा’ झाला. सगळं नियमाला धरून आहे, कुठे ओढाताण नाही. म्हणूनच व्युत्पत्तीवाल्यांना हा शब्द आवडतो.

रोमानियातल्या कुठल्याही मुलाला हे अनेकवचन ठाऊक असतं, कारण यॉन क्र्यांगा याची १८७५ साली छापली गेलेली ‘शेळी आणि तिची तीन करडं’ ही गोष्ट तिथे घरोघरी सांगितली जाते.

टोकांनाच का टिकला? इटालियन भाषाशास्त्रज्ञ मात्तेओ बार्तोली याने मांडलेला ठोकताळा असा, की नवे शब्द मध्यवर्ती प्रदेशात रुजतात आणि बाहेर पसरत जातात. कडेच्या प्रदेशांत जुने शब्द राहून जातात. रोमन सैन्य तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात डॅन्यूबच्या उत्तरेकडून मागे हटलं, आणि सार्डिनिया तर समुद्रातच. ठोकताळा सगळीकडे लागू पडत नाही, पण करडाच्या बाबतीत चपखल बसतो.

४. बाकी ठिकाणी इतका चांगला शब्द का गेला?

नेहमीचं उत्तर असं दिलं जातं, की झिजून झिजून ‘एदु’ एवढाच उरला, कानाला पुरेना, म्हणून लोकांनी लांब शब्द घेतला. यात तथ्य आहे. लॅटिनमधले असे बरेच आखूड शब्द गेले आणि त्यांच्या जागी लघुत्वदर्शक प्रत्यय लावलेली लांब रूपं आली. कान ‘आउरिस’ होता, ‘छोटा कान’ या अर्थाच्या ‘आउरिकुला’पासून स्पॅनिश ‘ओरेखा’ आणि फ्रेंच ‘ओरेय’ आले. मधमाशी ‘आपिस’ होती, ‘आपिकुला’पासून ‘आबेखा’ आणि ‘आबेय’ आले. कोकरू ‘आग्नुस’ होतं, ‘आग्नेल्लुस’पासून इटालियन ‘आन्येल्लो’ आणि फ्रेंच ‘आन्यो’.

पण एवढ्यावर माझं समाधान होत नाही. ‘एदु’ आखूड होता तर सार्डिनियातल्या मेंढपाळांनी तो दोन हजार वर्षं कसा वापरला? माझ्या मते आखूडपणाइतकीच दुसरीही गोष्ट महत्त्वाची. ज्याच्या दावणीला शेळ्या आहेत त्याला करडासाठी वेगळा शब्द लागतो. ज्याचा शेळीशी संबंध मटणापुरता आणि कातड्यापुरता, त्याला ‘छोटी शेळी’ म्हटलं तरी भागतं, उलट तेच जास्त स्पष्ट वाटतं. ‘काप्रा’वरून केलेला शब्द ऐकताक्षणी कळतो.

५. स्पॅनिश ‘काब्रीतो’ म्हणजे ‘काब्रा’ला ‘-ईतो’ लावला, एवढंच ना?

दिसतं तसं, पण शब्द त्याहून जुना आहे. फ्रँक लोकांच्या सॅलिक कायद्यात, सहाव्या शतकाच्या सुरुवातीच्या लॅटिनमध्ये, शेळ्याचोरीच्या कलमात ‘काप्रीतुस’ असा शब्द येतो. स्पेनच्या अकादमीचा कोश ‘काब्रीतो’चं मूळ या उत्तरकालीन लॅटिन शब्दातच दाखवतो. म्हणजे स्पॅनिश भाषा स्पॅनिश व्हायच्या आधीच तो तयार होता.

पोर्तुगीजमध्ये हे जास्त उघड दिसतं. तिथे लाडाचा किंवा लहानपणाचा रोजचा प्रत्यय ‘-ईन्यु’ आहे. करडू मात्र ‘काब्रीतु’च. आजच्या व्याकरणाने नुसतं ‘छोटी शेळी’ करायचं असतं तर ‘काब्रीन्या’ झालं असतं. तो शब्द आहे, पण त्याचा अर्थ छोटीशी शेळी, करडू नव्हे.

एक बारीक अडचण आहे आणि चौकस वाचक ती बरोबर पकडतात. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या एकट्या ‘त’चा स्पॅनिशमध्ये ‘द’ होतो: ‘वीता’ची ‘बिदा’ झाली. मग ‘काप्रीतुस’चा ‘काब्रीदो’ का झाला नाही? कायद्याच्या लेखनात एकच ‘त’ असला तरी बोलण्यात तो दुहेरी असणार, किंवा ‘-ईतो’ प्रत्ययाच्या जोरावर ‘त’ टिकला असणार. इटालियन ‘काप्रेत्तो’त दुहेरी ‘त’ आजही ऐकू येतो, पण त्याच्या प्रत्ययात मुळात ऱ्हस्व ‘इ’ होता, म्हणून तिथे ‘ए’ झाला. ‘काब्रीतो’ आणि ‘काप्रेत्तो’ सख्खी भावंडं नाहीत, चुलत आहेत.

६. फ्रेंचमध्ये ‘शव्रो’ आणि ‘काब्री’ असे दोन शब्द का?

एक घरचा आणि एक पाहुणा. फ्रेंचमध्ये ‘आ’पूर्वीच्या लॅटिन ‘क’चा ‘श’ होतो आणि मधल्या ‘प’चा ‘व’, म्हणून ‘काप्रा’ची ‘शेव्र’ झाली. तिच्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये ‘शव्रेल’, आणि शेवटचा ‘ल’ विरघळून आजचा ‘शव्रो’. ‘काब्री’मध्ये ‘क’ जसाच्या तसा आहे, म्हणजे तो पॅरिसकडे वाढलेला नाही. दक्षिणेतल्या ऑक्सितान ‘काब्रीत’वरून तो वर आला. फ्रेंच शब्द ‘का’ने सुरू होत असेल आणि मूळ लॅटिन असेल, तर तो दक्षिणेतून, इटलीतून, उत्तरेच्या नॉर्मंडी-पिकार्डीतून किंवा थेट पोथीतून आला असावा असा संशय घ्यावा, बहुतेक वेळा खरा ठरतो.

वापरातही फरक आहे. कातड्याच्या धंद्यात, हातमोज्यांत आणि बुटांत ‘शव्रो’ चालतो. ‘काब्री’ जास्त करून उड्या मारणारं करडू: ‘काब्रीसारखा उड्या मारतो’ असा फ्रेंचमध्ये वाक्प्रचारच आहे. समुद्रापार गेल्यावर ‘काब्री’चं वेगळंच झालं (प्रश्न १४).

७. ‘चीवो’ आणि ‘चोतो’ कुठून आले? लॅटिनमध्ये तर काही सापडत नाही.

सापडणार नाही, कारण ते लॅटिनमधून आलेच नाहीत. ‘चीवो’ (पोर्तुगीजमध्ये ‘शीबु’) हा जनावराला हाक मारण्याच्या आवाजावरून बनलेला शब्द मानला जातो. ‘चोतो’ हा दूध पिताना होणाऱ्या चुटचुट आवाजावरून. म्हणून ‘चोतो’ म्हणजे अजून अंगावर पिणारं करडू. काही भागांत वासरालाही ‘चोतो’ म्हणतात, कारण आवाज तोच.

स्पेनमधल्या कोशाप्रमाणे ‘चीवो’ म्हणजे दूध सुटल्यापासून जोडीला येण्याच्या वयापर्यंतचा नर. लॅटिन अमेरिकेत मात्र कितीही वयाच्या बोकडाला सर्रास ‘चीवो’ म्हणतात. त्यामुळे माद्रिदच्या आणि मेक्सिकोच्या माणसाने एकच शब्द वापरला तरी ताटात सारखंच मटण येईल असं नाही. मेक्सिकोत मोंतेर्रे शहर ज्यासाठी ओळखलं जातं, तो निखाऱ्यांवर भाजलेला ‘काब्रीतो’ हा दूधपिता असतो. तिथे ‘चीवो’ म्हणून चालणार नाही.

८. फ्रेंच ‘बिके’, ‘बिकेत’ याचं मूळ काय?

‘बीक’ म्हणजे बोलीतली शेळी, तिच्यावरून हे दोन. ‘बीक’ कुठून, ते पक्कं ठरलेलं नाही. हरिणीसाठीचा ‘बीश’ आणि बोकडासाठीचा ‘बूक’ यांची सरमिसळ होऊन तो बनला असावा, असा एक तर्क आहे. आईवडील लाडाने मुलाला ‘मों बिके’ म्हणतात.

९. फ्रेंच ‘बूक’ आणि मराठी ‘बोकड’ एकच आहेत ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि ‘हो’ म्हणायचा मोह मलाही होतो. ‘बूक’ केल्टिक भाषेतून फ्रेंचमध्ये आला. ‘बोकड’ प्राकृतातल्या ‘बोक्कड’वरून. दोन्हीकडे ‘ब’, ‘क’ आणि दाढीवाला प्राणी, एवढ्याने नातं सिद्ध होत नाही. नातं दाखवायचं तर ध्वनी नियमाने कसे बदलले ते प्रश्न ३ मधल्या ‘येद’सारखं पायरीपायरीने दाखवावं लागतं, आणि इथे ती साखळी जुळत नाही. जनावरांच्या हाका आणि त्यांच्या नकला जगभर एकसारख्या असतात, हेही विसरू नये.

१०. इंग्रजी ‘गोट’ आणि ‘किड’ लॅटिनमधून आले का?

नाही, दोन्ही जर्मानिक. ‘किड’ उत्तरेच्या नॉर्स भाषेतून इंग्रजीत आला. ‘गोट’ मात्र ‘हाएदुस’चा भाऊबंद आहे: दोघांचा पूर्वज एक, वाटा वेगळ्या. लॅटिन ‘ह’च्या जागी जर्मानिक भाषांत ‘ग’ सापडतो. परका या अर्थाचा लॅटिन ‘होस्तिस’ आणि इंग्रजी ‘गेस्ट’ ही तशीच जोडी. तेव्हा रोमानियन ‘येद’चा जवळचा नातलग फ्रेंच ‘शव्रो’ नसून इंग्रजी ‘गोट’ आहे, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

११. फ्रेंच ‘शव्रॉय’ म्हणजेही करडूच का? मेन्यूकार्डावर गोंधळ होतो.

नाही. ‘शव्रॉय’ हे युरोपातलं छोटं हरीण, रो नावाचं. त्याचं मूळ लॅटिन ‘काप्रेओलुस’: ‘काप्रा’वरूनच बनलेला, पण रानातल्या प्राण्यासाठी ठरून गेलेला शब्द. गोंधळ वाटला तर शेवट पाहावा, ‘-ओ’ म्हणजे पाळीव, ‘-ऑय’ म्हणजे शिकार.

या ‘काप्रेओलुस’ची संतती मात्र पाहण्यासारखी आहे. इटालियनमध्ये तो ‘काप्रिओलो’ झाला, त्याच्या उडीला ‘काप्रिओला’ म्हणू लागले, फ्रेंचांनी तिची ‘काब्रिओल’ केली. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दोन चाकांची हलकी घोडागाडी आली; ती रस्त्यावर उसळत जाई, म्हणून तिचं नाव ‘काब्रिओले’. ती लंडनला गेली आणि १८२०च्या दशकात तिथल्या लोकांनी नाव तोडून ‘कॅब’ केलं. पुणे स्टेशनबाहेर आपण जी कॅब बोलावतो ती ही.

लॅटिनमध्येच ‘काप्रेओलुस’चे आणखी दोन अर्थ होते: द्राक्षवेलीचा ताणा, आणि छताला तिरका टेकू देणारं लाकूड. रोमानियन ‘काप्रिओर’चा अर्थ आजही रो जातीचा नर आणि छपराचा वासा, दोन्ही. फ्रेंच ‘शव्रों’ म्हणजेही वासाच. दोन वासे टोकाशी मिळाले की जो कोन होतो, त्यावरून हवालदाराच्या बाहीवरच्या फितीला ‘शेव्हरॉन’ म्हणू लागले.

मादी करडाला फ्रेंचमध्ये ‘शव्रेत’ म्हणतात. याच शब्दाचा उत्तरेकडचा, नॉर्मंडी आणि पिकार्डीतला उच्चार ‘क्रव्हेत’, आणि फ्रेंचमध्ये ‘क्रव्हेत’ म्हणजे कोळंबी! टोपलीत ओतलेली जिवंत कोळंबी कशी टणाटण उडते, हे ज्याने कोकणात पाहिलंय त्याला कारण विचारावं लागणार नाही. आणि आपल्या सह्याद्रीच्या जंगलातली सशाएवढी पिसोरी? तिला इंग्रजीत जे नाव आहे, ‘शेव्रोटेन’, ते फ्रेंच ‘शव्रोतँ’, म्हणजे पुन्हा छोटंसं करडूच. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शेळीही नाही आणि खरं हरीणही नाही.

१२. दिसायला शेळीचे पण खरे शेळीचे नसलेले शब्द कोणते?

फ्रेंच ‘शव्हाल’ म्हणजे घोडा. तो ‘काबाल्लुस’वरून, शेळीशी संबंध नाही. गोव्यातल्या काणकोणचा ‘काबो द राम’ किल्ला: ‘काबो’ म्हणजे भूशिर, लॅटिन ‘कापुत’ म्हणजे डोकं यावरून. पोर्तुगीज ‘काब्रा’ तिथे नाही.

लहरीपणासाठीचा इटालियन ‘काप्रिच्चो’ जरा फसवा आहे. पुष्कळ ठिकाणी ‘शेळीसारखी लहर’ असं स्पष्टीकरण असतं. मूळ मात्र ‘कापो’ म्हणजे डोकं आणि ‘रिच्चो’ म्हणजे साळूसारखं काटेरी: भीतीने केस उभे राहणं. पुढे लोकांना त्यात शेळी दिसू लागली आणि अर्थ शहारा सोडून लहरीकडे सरकला. म्हणजे जन्म शेळीचा नाही, पण वाढवलं शेळीने. काप्री बेटाच्या नावात शेळी आहे की ग्रीक ‘काप्रोस’ म्हणजे रानडुक्कर, यावर वाद आहे.

१३. ‘हाएदुस’ चर्चच्या लॅटिनमध्ये सापडतो. मग तो मेला असं कसं म्हणता?

लिहिण्यात राहिला, तोंडातून गेला. इ.स. ४००च्या आसपास जेरोमने केलेल्या बायबलच्या लॅटिन भाषांतरात करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये या आज्ञेत ‘हाएदुम’ आहे. शेवटच्या न्यायाच्या दिवशी, मेंढपाळ जशी मेंढरं करडांपासून वेगळी काढतो, तिथेही ‘हाएदिस’ हेच रूप आहे. बळीच्या बकऱ्याला मात्र त्याच भाषांतरात ‘कापेर’ म्हटलंय. त्याचे वारस म्हणजे इटालियन ‘काप्रो एस्पियातोरियो’, फ्रेंच ‘बूक एमिसेर’ आणि स्पॅनिश ‘चीवो एस्पियातोरियो’. शेवटच्यात कळपाच्या हाकेतून आलेला ‘चीवो’ थेट धर्मग्रंथात जाऊन बसलाय.

आकाशातही तो शब्द आहे. हिवाळ्यात रात्री डोक्याजवळ दिसणारा आपला ब्रह्महृदय म्हणजे पाश्चात्त्यांचा ‘कापेल्ला’, छोटी शेळी. सारथी तारकासमूहात तिच्या शेजारच्या मंद ताऱ्यांना रोमन लोक ‘हाएदी’, करडं, म्हणत. रोमन कवी व्हर्जिलने त्यांना पावसाळी करडं म्हटलंय, कारण ती दिसू लागली की भूमध्य समुद्रावर वादळांचे दिवस सुरू होत. त्यांतल्या एका ताऱ्याचं अधिकृत नाव आजही ‘हाएदुस’ आहे.

१४. मॉरिशसला ‘काब्री’ मागितलं तर करडू मिळेल की शेळी?

शेळीचं मटण मिळेल, वय विचारू नये. मॉरिशसच्या क्रेओलमध्ये, म्हणजे तिथल्या फ्रेंचवरून घडलेल्या बोलीत, ‘काब्री’ म्हणजे शेळी, कुठल्याही वयाची. तिथल्या मराठी भाषकांच्याही बाजारातल्या बोलण्यात हाच शब्द. शेजारच्या रेयुनियों बेटावर तमिळ मजुरांच्या वंशजांकडून आलेलं ‘मसाले काब्री’ प्रसिद्ध आहे. हैतीत ‘काब्रित’ म्हणजे शेळी, कुरासाव बेटाच्या पापियामेंतो भाषेत ‘काब्रितु’ म्हणजे शेळी. फ्रेंच असो, स्पॅनिश-पोर्तुगीज असो, समुद्रापलीकडे करडाचा शब्द मोठ्या जनावराला लागला. प्रश्न ४ मध्ये ‘छोटी शेळी’ करडाच्या जागी आली होती. इथे करडू शेळीच्या जागी आलं.

१५. स्पॅनिशमध्ये कुणाला ‘काब्रीतो’ म्हटलं तर राग येतो का?

बोलणाऱ्यावर आणि देशावर अवलंबून आहे. ‘काब्रोन’, शब्दशः मोठा बोकड, ही स्पेनमध्ये जुनी आणि जड शिवी: बायको फसवते तो नवरा. ‘काब्रीतो’ ही तिचीच सौम्य आवृत्ती म्हणून चालते. चिलीत मात्र ‘काब्रो’ म्हणजे पोरगा, ‘काब्रा’ म्हणजे पोरगी, ‘काब्रो चीको’ म्हणजे लहान पोर, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. इंग्रजी ‘किड’च्या वळणावर हा शब्द आपला आपण गेला. शिकणाऱ्याने खाटकाकडे ‘काब्रीतो’ खुशाल म्हणावं, मित्राला म्हणताना आधी तो कुठला आहे ते पाहावं.

१६. सार्डिनियात ‘एदु’ म्हणतात असं वाचलं, पण कालियारीच्या दुकानात ‘क्राबित्तु’ ऐकलं. बरोबर काय?

दोन्ही. बेटाच्या उत्तरेला आणि मधल्या डोंगराळ भागात, नुओरोकडे, ‘एदु’. दक्षिणेच्या सखल भागात ‘क्राबित्तु’: ‘काप्रा’तला ‘र’ उडी मारून पुढे आला आणि ‘क्राबा’ झाली, तिला प्रत्यय लागून हे रूप बनलं. नेपल्सकडेही ‘क्रापा’ आणि ‘क्रापेत्तो’ असंच झालंय. म्हणजे प्रश्न ३ मध्ये रोमानिया आणि सार्डिनियाला कडेचे प्रदेश म्हटलं, पण खुद्द सार्डिनियातही मधला डोंगर आणि बंदराकडचा मुलूख अशी तीच विभागणी आहे. कालियारी हे बंदर, नवं सगळं तिथे आधी उतरलं. नुओरोच्या बाजूला जाऊन करडू विकत घ्यायचं असेल तर ‘एदु’ म्हणा. वार्रोच्या काळचा लाटिउमचा शेतकरी जे म्हणत होता, त्यातला फक्त ‘ह’ आणि शेवटचा ‘स’ कमी.